पाठीवरची टिटवी

नांदेड
६ जानेवारी २०२५

प्रिय नीलाआत्या,
शरणार्थ.

येळवशीला रानात जेवायला आले नाही म्हणून तू अजून फुगून बसली असशील. बस. मी पण इथं कमी हळहळले नाही. त्या दिवशी पहाटे अर्धवट झोपेत मला आंबिलीचा वास आला, खोपीत बसलेय असं वाटलं, तू द्रोणात भज्जी वाढत होतीस. डोळे उघडले तर शेजारच्या खोलीतल्या पोरींचं ताक नासलेलं! ऑफिसात रजा मिळाली नाही हे खरं आहे, पण मिळाली असती तरी आले असते का ठाऊक नाही. अप्पा समोर बसणार आणि माझ्याकडं न बघता म्हणणार, 'नीलम्मा, पोरीला वाढ.' दोन दिवाळ्या झाल्या, आत्या. बुलेट घेतली तेव्हापासून त्यांचा माझ्याशी एक शब्द नाही. म्हणून तर फोन न करता पत्र लिहितेय. तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि तुझं शिलाईचं मशीन अप्पांच्या आडतीला लागून.

आता खरी गोष्ट. काल माझं उमेदवारीचं वर्ष संपलं!

आमच्या मोटारसायकलवाल्यांच्या टिटवी क्लबात आल्या आल्या कोणी सभासद होत नाही. वर्षभर कोऱ्या पाठीचं जाकीट घालायचं आणि रांगेच्या मागं-मागं राहायचं. कोणाची गाडी पंक्चर झाली तर आपण थांबायचं, सगळ्यांचा चहा आपण सांगायचा, पुढं घुसायचं नाही. मी सगळं केलं. काल कंधारच्या किल्ल्यात, खंदकातल्या पाण्याच्या कडेला, दयानंददादांनी माझ्या तळहातावर टिटवी ठेवली. दादांचं इथं टायरचं दुकान आहे, क्लब त्यांनीच सुरू केला. गोल कापड आहे, काळ्या मातीच्या रंगाचं, आणि त्यावर पंख पसरलेली टिटवी. पाणी इतकं निवांत होतं की मला वाटलं, हिचं पाखरू होऊन ते उडेल आणि मी नुसती बघत राहीन. दादांनी चुटकी वाजवली तेव्हा भानावर आले.

पण हातात मिळाली म्हणजे झालं असं नाही. ती जाकिटाच्या पाठीवर शिवायची, आणि शिवायची घरच्या माणसानं, हातानं. आई, बहीण, नवरा, कोणीही चालेल, शिंपी चालत नाही. पहिल्या वर्षी क्लबातला एक जण घरच्यांना चोरून गाडी फिरवायचा. तो पडला, आणि त्याचं घर कुठलं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दवाखान्यात दिवसभर त्याच्याजवळ आपलं म्हणायला कोणी नाही. तेव्हापासून दादांचा नियम, घरचा टाका पडल्याशिवाय टिटवी नाही.

जाकीट आणि टिटवी पार्सलनं पाठवतेय. दोन फेब्रुवारीला सगळे उदगीरला जाणार आहेत. तोवर टिटवी पाठीवर आली तर मी रांगेत, नाही तर अजून एक वर्ष मागं. मागं राहायचं मला वाईट नाही वाटत. पण दादा विचारतील, 'घरी कोणी नाही का गं?' त्याला मी काय सांगू?

मला अप्पांनी शिवलेली हवी होती. ते काही व्हायचं नाही. तू शिव.

जाकीट जमिनीवर ठेवू नको आणि कोणाला घालून बघायला देऊ नको, तसा आमच्यात नियम आहे. ते अंगात असताना दारू नाही, भांडण नाही, शिवीसुद्धा नाही. त्यामुळं ऑफिसातून निघताना मी ते घालतच नाही.

तुझी,
अक्षरा


मुरुड
१५ जानेवारी २०२५

चि. अक्षरा,
अनेक आशीर्वाद.

तिळगूळ घे, गोड बोल. गोड बोलणं तुझ्या बापाला सांगावं, पण त्याला कोण सांगणार? संक्रांतीच्या ब्लाउजांनी माझा जीव घेतला. बायका आदल्या दिवशी कापड आणून टाकतेत आणि म्हणतेत, उद्या वाणाला जायचंय. जा म्हणलं तशीच!

पार्सल आलं. आता मला एक सांग, जगात पाखरं संपली होती का? मोर हाय, राघू हाय, गेला बाजार आपला पारवा हाय. टिटवी! टिटवी ओरडली की आपल्या घरात पाण्याचा तांब्या पालथा घालतेत, आणि तू ती पाठीवर घेऊन गावभर हिंडणार. तुझ्या दयानंददादाला विचार, बाबा, तुला काय झालं होतं?

बाकी कापड चांगलं हाय. जाकीट जाड हाय, माझी हातसुई मोडल. बघते.

फोन करत न्हाईस ते बरं करतीस. परवा माझ्या पुनमनं सासरहून फोन केला तर तिच्या सासूची सगळी कथा तुझ्या बापानं आडतीत बसून ऐकली. वर मला म्हणतोय, पोरीला म्हणावं सासूला जुमानू नको. ह्याला म्हणतेत कान तिखट.

तू विचारली न्हाईस तरी सांगते. पार्सल मी न्हाई, त्यानंच घेतलं. पोस्टमन आधी दुकानात गेला. तुझं अक्षर बघून त्यानं ते तसंच आणून माझ्या मशीनवर ठेवलं आणि म्हणाला, 'नांदेडचं हाय.' मी त्याच्यासमोरच फोडलं. लपवून काय होतंय? जाकीट बघितला, टिटवी उलटीपालटी करून बघितला. 'हे काय?' म्हणाला. मी तुझं पत्र वाचून दाखवले. थांब, ओरडू नको. अप्पांनी शिवलेली हवी होती, ती ओळ सोडून वाचले. तो उठून गेला. ऊन चढलं होतं, तुरीच्या गाड्या आल्या होत्या.

तुझी आई गेल्यापासून हा माणूस असाच हाय. पोटात दाटलं की बाहेर जाऊन पोती मोजतोय.

मला काल दुपारी मशीनवरच डुलकी लागली. सपान पडलं. मी मशीनवर बसलेली आणि मशीन रस्त्यानं चाललेलं, लातूरच्या दिशेनं. पायानं मारायले तसं पळायलंय. मागं माझ्या सुईतनं साडीचा फॉल निघायलाय, निघायलाय, हिरवागार, पार मुरुडपासनं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला करडई फुललेली. मला जराबी भ्या वाटलं न्हाई. मग गुणाबाईनं येऊन दार वाजवलं आणि ब्लाउजाच्या बाह्या मागितल्या. बाह्या उलट्या लागल्यात, तिला अजून कळलं न्हाई.

तुमच्या रांगेत कसं चालतेत ते सांग. मला सपनात मागं कोणी दिसलं न्हाई.

तुझी आत्या,
नीलम्मा


नांदेड
२० जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

गुणाबाईला बाह्या बदलून दे गं, उगाच शिव्या खाशील!

टिटवीचं मी पण पहिल्यांदा विचारलं होतं. दादा म्हणाले, 'सगळं रान झोपतं तेव्हा टिटवी जागी असती. ओरडती कशासाठी? बाकीच्यांना सावध करायला. अपशकुन काय, राखण करणाऱ्याला लोक अपशकुनीच म्हणतात.' ते असंच बोलतात, टायर काढता-काढता. मला पटलं.

रांगेचं सांगते. सगळ्यात पुढं दादा. त्यांच्या मागं एक गाडी डावीकडं, एक उजवीकडं, परत एक डावीकडं, अशी वेणी घातल्यासारखी रांग. कोणी कोणाच्या पुढं जायचं नाही. दादांनी डावा हात खाली हलवला की हळू. पायाकडं बोट केलं की त्या बाजूला खड्डा. तो हात मागचा करतो, मग त्याच्या मागचा, असा तो खड्डा रांगेतून शेवटपर्यंत येतो. सगळ्यात शेवटी अंजूताई. त्या दवाखान्यात नर्स आहेत, त्यांच्याकडं औषधांची पेटी असते. शेवटचं माणूस सगळ्यात भरवशाचं असावं लागतं म्हणून त्या शेवटी. मी वर्षभर त्यांच्या पुढं होते, कोरी पाठ घेऊन.

गेल्या रविवारी माळाकोळीच्या अलीकडं धुकं लागलं. आत्या, काय सांगू! शेतं नाहीत, झाडं नाहीत, रस्तासुद्धा चाकापुरताच. बाभळीचा शेंडा वरच्या वर तरंगत आला आणि गेला. गाडीचा आवाजसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखा येत होता. मला आपण कुठून आलो, कुठं चाललो, काही आठवेना, आणि आठवावंसं वाटेना. आणि समोर, धुक्यात, नुसती एक टिटवी. माणूस दिसत नाही, गाडी दिसत नाही, पाठीवरची पांढरी टिटवी तेवढी दिसतेय आणि ती वळली की मी वळतेय. म्हणून ती पाठीवर असते. मिरवायला नाही. मागच्याला वाट दिसावी म्हणून.

मग ऊन आलं आणि करडई दिसायला लागली, तुझ्या सपनातली. माळाकोळीत आम्ही चहा प्यायलो.

मी मुळात या क्लबात का गेले, तुला कधी सांगितलं नाही. गाडी तर एकटीनं पण चालवता येते. एकटी चालवायचे तेव्हा घरी परतल्यावर 'आलीस का?' म्हणणारं कोणी नव्हतं. इथं रांग सुटताना दादा प्रत्येकाला विचारतात, पोचल्यावर कळव. मी कळवते. तेवढ्यासाठी.

टाका लवकर घाल. आणि अप्पा आणखी काही बोलले का? तू नेहमी पोतीच सांगतेस.

अक्षरा


मुरुड
२४ जानेवारी २०२५

चि. अक्षरा,

जाकीट पाठवलंय. टाका पडलाय. बघून ओरडू नको. घरच्या हातचा हाय, एवढं ध्यानात ठेव. तुझ्या दादानं विचारलं तर छातीवर हात ठेवून सांग, घरच्या हातचा हाय. यात तसूभर खोटं न्हाई.

तुझं धुक्याचं पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना डाळ करपली.

पुनमच्या सासूचं परत काहीतरी निघालंय, ते नंतर लिहीन. आज गडबड हाय.

आत्या


नांदेड
२९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझे डोळे बरे आहेत ना? खरं सांग.

पार्सल आलं तेव्हा अंजूताई खोलीवर आलेल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत फोडलं, म्हणलं, माझ्या आत्याचा हात बघा, मुरुडात तिच्यासारखा ब्लाउज कोणी शिवत नाही. जाकीट उलटं केलं, पाठ कोरी! मग सुलटं केलं तर टिटवी पुढं, डाव्या छातीवर. आणि टाके! आत्या, सुतळी? बोटभर लांबीचे टाके, एक वर गेलेला, एक खाली आलेला, शेवटी अक्रोडाएवढी गाठ. अंजूताईंना हसू आवरेना. मला पण हसू आलं आणि मग एकदम आठवलं, तू सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायचीस. एवढं दिसेनासं झालंय आणि मला कळवलं नाहीस? मार्चमध्ये मी रजा घेऊन येणार आणि तुला लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेणार. काही बोलायचं नाही.

मी पाठीवर म्हणून लिहिलं होतं, तुला वाचताना दिसलं नसेल. जाऊ दे.

दादांना दाखवलं. त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, 'घरचा टाका पडला, ते झालं. पण पोरी, टिटवी पुढं ठेवून चालत नाही. तुझ्या मागं धुक्यात जो असेल, त्यानं काय बघायचं? उसवून पाठीवर घे. मात्र उसवायचं तर तुझ्याच हातानं, दुसऱ्या कोणाला लावू देऊ नको.'

तुझ्याकडं परत पाठवायला वेळ नाही, रविवार आला. उद्या ऑफिसातून आल्यावर उसवते आणि पाठीवर मीच शिवते. तू मनाला लावून घेऊ नको. तुझा टाका पडला होता, तो मोजला गेला.

तुझी,
अक्षरा


मुरुड
२९ जानेवारी २०२५

चि. अक्षरा,

माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई हे तुला म्हाईत हाय. इतके दिवस भिजवला, आता माझ्यानं होईना. तुझ्या बापानं 'सांगशील तर बघ' म्हणून दम दिलाय. देऊ दे.

तो टाका माझा न्हाई. त्याचा हाय.

तुझं धुक्याचं पत्र आलं त्या दिवशी मी जाकीट घेऊन बसले होते. दुपारची आडत बंद होती. तो आत आला, माझ्या हातनं जाकीट घेतला आणि गेला. मी मागनं गेले. दुकानात अंधार होता, पत्र्याच्या भोकातनं उन्हाचा एक कवडसा पोत्यांवर पडलेला, त्यात तुरीची धूळ तरंगायली होती. त्या उजेडात तो पोत्यावर बसला. दाभण घेतला, सुतळी ओवला. मी म्हणले, 'आरं दादा, पोतं शिवायलास का पोरीचं जाकीट?' तर म्हणाला, 'ही सुई मोडल्याली मी बघितलोय का? न्हाई.'

मग त्यानं टिटवी छातीवर धरली. मी म्हणले, पाठीवर, तिनं पाठीवर लिहिलंय. तर माझ्याकडं बघितला, असा, की जणू मी सोवळ्यात चप्पल घालून आले. 'पाठीवर?' म्हणाला. 'पाठीवर पोतं घेतेत, नीलम्मा. कोणी काही दिलं, हे तुझं म्हणून हातात ठेवलं, तर ते छातीवर असतंय. स्वामींनी गळ्यात लिंग बांधलं ते काय पाठीवर बांधलं?' आणि स्वतःच्या सदऱ्यावरनं हात लावून दाखवला. आता याला काय बोलावं, तूच सांग. खरं सांगू, बोलावंसं वाटलं न्हाई.

लई वेळ लागला त्याला. दाभण बोटाला टोचलं, तर बोट तोंडात घालून तसाच बसला. मी दारात उभी, तो कवडसा हळूहळू त्याच्या गुडघ्यावरनं खाली उतरला. बाहेर रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या पण आत ऐकू येईना. मला वाटायलं, आपण दोघं ल्हान हावोत, आई आत भाकरी करायलीय, आणि हा पतंगाला शेपूट शिवायलाय. झालं तेव्हा गाठ मारून दातानं सुतळी तोडला आणि म्हणाला, 'पाठव. आणि तू शिवलीस म्हणून सांग.'

रोज विचारायलाय, 'पोचलं का? काही आलं का तिचं?' नाव घेत न्हाई, पण विचारायलाय.

तर पोरी, टिटवी पुढं लागली, चुकलं. पण ते उसवू नको. मार्ग निघतेत. तुझ्या दादाला मी पत्र लिहू का? लिहिते म्हण, मी लिहिते. पण उसवू नको.

आत्या


नांदेड
४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अप्पांना,
शरणार्थ.

तुम्हाला पत्र लिहायला बसले तर पहिल्या ओळीलाच पेन थांबलं. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. हॉस्टेलला होते तेव्हासुद्धा आत्यालाच लिहायची, खाली 'अप्पांना नमस्कार'.

आत्यावर रागावू नका. तिचं पत्र काल, सोमवारी आलं. त्याच्या आधीच मी टाके उसवले होते.

अप्पा, मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं आत्याचे डोळे गेले. मी हसले पण त्या टाक्यांना, आणि दुसऱ्या बाईला हसू दिलं. गुरुवारी संध्याकाळी खिडकीत बसून मी गाठ कापली, सुतळी एकेक ओढून काढली आणि केराच्या डब्यात टाकली. आत्याचं पत्र वाचल्यावर डबा उपडा केला, पण कचरा नेणारी गाडी सकाळीच येऊन गेली होती. आता जाकिटाच्या छातीवर नुसती भोकं आहेत, गोल, एका रांगेत. मी त्यांच्यावर बोट ठेवून बसते. तुमच्या बोटाला लागलं होतं ना? पिकलं तर नाही?

खोटं कशाला लिहू, रविवारी मी लई खूश होते. पाठीवर टिटवी होती, रांगेत डावीकडची जागा मिळाली. अहमदपूरच्या पुढं परत धुकं लागलं. ते सगळं आत्याला लिहिते तसं तुम्हाला लिहिता येईना मला. धुक्यात पुढचं माणूस दिसत नाही, त्याच्या पाठीवरची टिटवी तेवढी दिसते, तिच्या मागं जायचं. या वेळी माझ्या मागं एक नवीन मुलगी होती, आरती, कोरी पाठ. उदगीरला उतरल्यावर म्हणाली, 'ताई, धुक्यात मी तुमच्या टिटवीवरच नजर ठेवून आले.' मला वाटलं, आपण खरंच कोणीतरी झालो. किल्ल्यावर वारा होता, मी बुरुजावर बसले आणि डोळे मिटले तरी रस्ता माझ्या खालून सरकतच होता. आणि मग काल हे पत्र.

मला रांग नको. मी ठरवलंय, टिटवी काढून परत छातीवर लावते, जिथं तुम्ही लावली होती तिथंच, त्याच भोकांतून. सुतळीनंच. दादा म्हणतील तर अजून एक वर्ष मागं राहीन, न्हाई तर क्लब सोडीन. दोन वर्षांत तुम्ही माझ्यासाठी हातानं एक गोष्ट केली आणि मी ती कापून केरात टाकली. यावर दुसरं काय करावं ते मला सुचत नाही.

गाडी घेतली याची मी माफी मागत नाही, अप्पा. तुम्हाला न सांगता घेतली, त्याचं वाईट वाटतं. तुम्ही न्हाईच म्हणाल म्हणून विचारलं नाही. पण टाके उसवले त्याची माफी मागते.

काहीतरी बोला. रागवा, पण बोला.

तुमची,
अक्षरा


मुरुड
१० फेब्रुवारी २०२५

चि. अक्षरास,
आशीर्वाद.

पत्र मिळाले, मजकूर समजला. बोट बरे आहे.

नीलम्मावर रागावलो न्हाई. तिला सांगू नको म्हणलो म्हणजे ती सांगणारच, हे मला म्हाईत न्हाई का?

तू उगं लांबण लावलीस. मला पत्र लिहायची सवय न्हाई, आडतीवरची चिठ्ठी लिहितो तसं लिहितो, समजून घे.

तो टाका पोत्याचा होता. मिसरूड फुटायच्या आधीपासनं मी पोती शिवायलोय, त्यातलं मला कळतंय. पोतं गाडीत हिंदकळतंय, रस्ता खराब असतोय, दाणा सांडू नये म्हणून टाका मारतेत. माल पोचला की गाठ कापायची, सुतळी ओढून फेकायची. पोचल्यावर बी टाका तसाच ठेवला तर आतली तूर भुंगा खातोय. आजवर कोणत्या व्यापाऱ्यानं मला पत्र लिहिलं न्हाई की माणिकप्पा, तुमचा टाका उसवलो, माफ करा. तू पोचलीस, गाठ कापलीस, झालं काम. त्याला माफी कसली मागायलीस?

आणि परत छातीवर लावीन, रांग सोडीन, हे काय काढलीस? खबरदार. एवढं वर्ष लोकांचा चहा सांगत फिरलीस ते कशाला?

पाठीवर पोतं घेतेत असं मी म्हणलो होतो. नीलम्मा मला नुसतं 'पाठीवर, पाठीवर' करायली होती, कशाला ते तिनं वाचून दाखवलं न्हाई. तुझ्या पत्रात वाचलो. मागच्याला वाट दिसावी म्हणून. दोन दिवस दुकानात बसून त्याच्यावर इचार केलो. ती आरती कोणाची पोरगी हाय?

तू बुलेट घेऊन पहिल्यांदा घरी आलीस आणि मी बोललो न्हाई, तवा तू तशीच माघारी निघालीस. मी दुकानाच्या दारात उभारलो होतो. तू मागं बघितली न्हाईस. मारुतीच्या वळणापर्यंत तुझी पाठ दिसली मला, कोरी, मग ती बी दिसंना झाली. लेक निघाली की बापाला तिची पाठच दिसती, अक्षरा. तोंड दिसत न्हाई.

टिटवी तिथंच असू दे.

मंगळवारी बाजार असतोय, तो सोडून कधी बी ये. गाडी घेऊन ये. हळू ये, आणि निघायच्या आधी माझ्या फोनवर फोन कर.

तुझा,
अप्पा